अकरा कोरडे महिने

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध लिफ्टने एक हिसका दिला आणि ती थांबली. धड वर नाही, धड खाली नाही. तिच्या हातातल्या डबीत नवा चष्मा खुळखुळला. जवळचं पाहायचा चष्मा, पाचव्या मजल्यावरच्या चष्मेवाल्याने बजावून सांगितलं होतं, "हा घालून जिना उतरू नका बाई, पायरी नाकाशी आल्यासारखी वाटेल आणि पडाल तोंडावर." म्हणून तर ती लिफ्टमध्ये शिरली होती. चौथ्या मजल्यावर मुलांच्या डॉक्टरकडून एक तरुण बाई तान्ह्या बाळाला घेऊन आत आली होती, आणि आता हिसक्याने जागं झालेल्या त्या बाळाने असं भोकाड पसरलं होतं की लिफ्टच्या पत्र्याच्या भिंती झणझणत होत्या. वरून कुठून तरी लिफ्टवाल्याचा आवाज आला, "घाबरू नका हो ताई, रोजचंच आहे! आज जरा लवकर थांबली इतकंच." "रोजचंच आहे म्हणे," तरुण बाई म्हणाली, "मग पाटी लावा ना बाहेर, की आत यायचं तर डबा घेऊन या." आणि मग फार विचार न करता ती खाली फरशीवर बसली, पाठ पत्र्याला टेकवली, शाल पुढे ओढली आणि बाळाला पदराखाली घेतलं. रडणं असं थांबलं की जणू कुणी नळच बंद केला. त्या शांततेत बाळाचे घोट ऐकू येऊ लागले. मग ती बाई मान वर करून म्हणाली, "काकू, पाणी आहे का हो?" तिने पिशवीतली बाटली काढून दिली. बाईने बाटली तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली. "सॉरी हां काकू, सगळंच संपवलं. पण हा तोंड लावतो ना, त्याच क्षणी माझ्या घशाला कोरड पडते. साधी नाही, वाळवंटातून चालत आल्यासारखी. आतलं सगळं पाणी हाच ओढून घेतो बघा. सासूबाई म्हणतात, तू पोर पाजतेस की तळं भरतेस?" ती हसली. तिच्या ओठांवर पातळ पांढरी सालं सुटली होती, आणि शालीखालून दिसणारा बाळाचा गाल मात्र दवात भिजल्यासारखा ओला होता.

लिफ्ट सुटली, दार उघडलं, बाई "येते हं काकू" म्हणून गर्दीत मिसळून गेली. ती मात्र दारापाशीच उभी राहिली. बाहेर थांबलेल्या माणसाने "बाई, उतरताय की परत वर जाताय?" असं विचारलं तेव्हा कुठे ती बाजूला झाली. कोरड. तोंड लावलं की कोरड पडते. हे तिला ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं? पुस्तकातून ठाऊक होतं, आकड्यांतून ठाऊक होतं, नव्या मुलांना ते ती स्वतःच फळ्यावर काढून दाखवत असे. पण ते तिने कधी ऐकलं नव्हतं. तिला मूल नव्हतं. आणि तिच्या आत कुठे तरी, फार खाली, एक दात हलल्यासारखं झालं.

ती तीस वर्षं दात कोरत आली होती. माणसांचे नव्हेत, लाखो वर्षांपूर्वी मरून गेलेल्या जनावरांचे. हाडांची माती होते, पण दाताचं वरचं कवच एकदा घडलं की घडलं, ते कुणाच्या बापाला बधत नाही. आणि ते घडतं टोकाकडून मुळाकडे, थराखाली थर, महिन्यामागून महिना. म्हणून घोड्याच्या एका उंच दाढेत त्या घोड्याच्या आयुष्याची पावणेदोन-दोन वर्षं रोजनिशीसारखी लिहिलेली असतात. तिचं काम ती रोजनिशी उलगडायचं. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाखाली दाढ आडवी ठेवायची, केसाएवढ्या टोकाच्या ड्रिलने टोकापासून मुळापर्यंत एकाखाली एक बारीक चरे पाडायचे, प्रत्येक चऱ्यातून निघालेली चिमूटभर पांढरी पूड वेगळ्या कुपीत भरायची, कुपीवर आकडा लिहायचा. पुढचं यंत्र सांगतं. पाण्यात हलका ऑक्सिजन असतो तसा जडही असतो. ऊन तापलं की हलकं पाणी आधी उडून जातं आणि जड मागे राहतं. म्हणून आटत चाललेल्या तळ्याचं पाणी जड, आणि ते प्यायलेल्या जनावराचा दातही जड. पावसाळा आला की आकडा उतरतो, उन्हाळा आला की चढतो. ती ड्रिलला गिरमिट म्हणायची, आणि सर तिला सुतारपक्षी म्हणायचे. "काय सुतारपक्षी, आज किती भोकं पाडलीस?" हा तेव्हाचा रोज सकाळचा नमस्कार होता. आता सर निवृत्त होऊनही चौदा वर्षं झाली होती, डोळ्यांना अक्षर दिसेनासं होऊन उजेड तेवढा उरला होता, पण दर शनिवारी दुपारी ती त्यांच्या घरी गेली की प्रश्न तोच.

शनिवारी ती जायची ती प्रुफं वाचून दाखवायला. सरांचं पुस्तक येणार होतं. विद्वानांसाठी नव्हे, साध्या माणसांसाठी. त्यांना आयुष्यभर तेच लिहायचं होतं आणि आयुष्यभर वेळ मिळाला नव्हता. सरांनी सांगायचं, कुणी तरी टाइप करायचं, छापखान्यातून प्रुफं यायची आणि तिने ती मोठ्याने वाचायची. सात प्रकरणं झाली होती. आठवं, शेवटचं, या शनिवारी वाचायचं होतं आणि सोमवारी पानं छापखान्यात परत जायची होती. आठव्या प्रकरणाचं नाव होतं 'अकरा कोरडे महिने'. ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. तिच्यामुळेच तर वर्तमानपत्रांनी सरांना 'दुष्काळवाले सर' करून टाकलं होतं. एका कोरड्या ओढ्याच्या काठावर सरांना घोड्याची एक सुटी दाढ मिळाली होती, वीस लाख वर्षांपूर्वीची. तिच्यातल्या पहिल्या अकरा महिन्यांत आकडा चढलेला होता तो चढलेलाच. मध्ये पावसाळा नाही, उतार नाही. मग एकाएकी सगळं सुरळीत. सरांनी ताडलं की त्या मुलखात तेव्हा एक अख्खं वर्ष पाऊस पडला नाही, मोठं तळं आटलं, जनावरांचे कळप उठून गेले. पुढे दुसऱ्यांनी त्यावर इमले रचले. पण इमल्याखालची वीट तीच एक दाढ. सरांनी त्या घोडीचं नावही ठेवलं होतं. तहानी. व्याख्यानात ते तिच्याबद्दल घरातल्या लेकीबद्दल बोलावं तसं बोलत. "आमची तहानी" म्हणत, आणि ती ओठ चाटत कोरड्या तळ्यात उभी आहे असं म्हणताना दर वेळी त्यांचा आवाज जरा बसत असे. लोक हसत नसत.

आणि त्या सगळ्याच्या बुडाशी तिचा, सरांच्या सुतारपक्ष्याचा, एक शब्द होता. पहिली की तिसरी? सुटी दाढ हातात आली की हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. पहिली दाढ शिंगरू आईचं दूध पीत असतानाच घडू लागते. तिसरी, सगळ्यात मागची, फार उशिरा, दूध सुटल्यावर. आणि दूध फसवं. आई पाणी पिते, त्यातलं हलकं तिच्या श्वासातून, घामातून उडून जातं, आणि जे मागे उरतं, तिच्या अंगात आटून जड झालेलं, त्याचं दूध होतं. दाताला ते आटलेल्या तळ्यासारखंच दिसतं. दाताला आई आणि दुष्काळ यांतला फरक कळत नाही. म्हणून पहिल्या दाढेतल्या कोरडीवर कुणी विश्वास ठेवत नाही, तिसरीतलीवर ठेवतात. त्या दाढेचा मागचा काठ तुटलेला होता, त्यामुळे ओळखणं सोपं नव्हतं. सरांनी दाढ तिच्यापुढे ठेवली होती आणि विचारलं होतं, "पहिली की तिसरी?" ती चोवीस वर्षांची होती. कामाला लागून सहा महिने झाले होते आणि आईला जाऊन बावीस दिवस.

बावीस दिवस. आकडा अजून तसाच तिच्या जिभेखाली होता. आई शिलाईकाम करायची, लोकांचे कपडे, खिडकीपाशी मशीन टाकून. पाय मशीनवर आणि तोंडात कसली तरी ओवी, पुटपुटल्यासारखी. अर्धे शब्द सुईत आणि अर्धे हवेत. तिला त्यातली एकच धड आठवायची:

*आटली विहीर गं, तळाला उरे झरा,*
*त्यातली एक ओंजळ माझ्या गं लेकरा.*

दोरा ओठांनी ओला करून सुईत ओवायचा तर आईच्या ओठाला ओल नसे. मग ती हाक मारायची, "ए, जरा जीभ लाव गं दोऱ्याला," आणि ती धावत जाऊन दोरा चाटून द्यायची. घरात सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर आई बसायची, सगळ्यांनी पाणी प्यायल्यावर आई प्यायची, आणि शेवटच्या दिवसांत दवाखान्यात ओल्या कापसाने ओठ पुसायचे तेव्हाही म्हणायची, "तू प्यायलीस का?" तो आवाज बावीस दिवस डोक्यात फिरत होता, म्हणून कामावर परत येताना तिने ठरवलंच होतं की आता आई या विषयाचा विचारच करायचा नाही. भिंगात डोळा घालायचा आणि दगडाहून दगड व्हायचं. आणि सरांनी पहिली की तिसरी विचारलं, तर पहिली म्हणणं म्हणजे आईचा विषय काढणं. शिंगरू, घोडी, पान्हा. तिने दाढ उलटीसुलटी केली, तुटका काठ पाहिला आणि म्हटलं, "तिसरी." सरांनी पुन्हा विचारलं, "नक्की?" "नक्की, सर." खोटं बोलली नव्हती, तिला तिसरीच दिसली होती. माणसाला जे पाहायचं नसतं ते दिसतच नाही, त्याला डोळ्यांचा डॉक्टर काय करणार?

लिफ्टमधून उतरल्यावर ती घरी गेली नाही, संस्थेतच परतली. तळघरातल्या कपाटातून तो खण काढला, कापसातली दाढ उचलली, नवा चष्मा चढवला आणि भिंगाखाली धरली. तिच्याच हातचे तीस वर्षांपूर्वीचे चरे, अजून नांगरलेल्या शेतासारखे सरळ. ते पाहून तिला उगाचच बरं वाटलं. हात तरी चांगला होता. मग तिने दाढ वळवली. तुटक्या काठाच्या वर, तुटलेला भाग जिथे संपतो तिथे, एक चकचकीत ठिपका होता. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा. शेजारची दाढ घासून घासून जसा गुळगुळीतपणा येतो तसा, नुकता कुठे यायला लागलेला. ती त्या ठिपक्याकडे पाहत राहिली. सगळ्यात मागच्या दाढेला मागे शेजार नसतो. तिच्या मागे कोण असणार? कोणी नाही. आणि इथे तर कुणी तरी होतं.

दुसऱ्या दिवशी तिने लेसरवालीला गाठलं. लेसरवाली म्हणजे नव्या यंत्रावर बसणारी, अठ्ठावीस वर्षांची, सतत काही तरी चघळणारी आणि जगात कुणालाच न घाबरणारी मुलगी. "मॅडम, एवढी म्हातारी दाढ? आणि तीसुद्धा तहानी? हिला हात लावला तर मला नोकरीवरून काढतील!" असं म्हणत म्हणतच तिने दाढ यंत्रात ठेवली. ते यंत्र दाताच्या लांबीवरून प्रकाशाचं टोक चालवत नेतं आणि वाटेत काय काय लागलं ते सांगतं. तिला हवं होतं स्ट्रॉन्शियम, मातीतला एक धातू. गवतात ते ढिगाने असतं, दुधात नावाला. आईचं अंग ते गाळून मागे ठेवतं, लेकरापर्यंत पोचूच देत नाही. खरा दुष्काळ असता आणि जनावर वाळलं गवत खात असतं, तर पहिल्या महिन्यापासून स्ट्रॉन्शियम भरपूर दिसलं असतं. पडद्यावर रेघ उमटायला लागली. तळाशी, अगदी तळाशी, सपाट. बराच वेळ सपाट. मग, ज्या जागी ऑक्सिजनचा आकडा उतरायला लागायचा, बरोबर त्याच जागी ती हळूहळू वर चढू लागली. लेसरवालीचं चघळणं थांबलं. "मॅडम, हे तर दूध आहे," ती म्हणाली. "हे शिंगरू आहे हो. अंगावर पिणारं." लेसरवालीने खुर्ची तिच्याकडे फिरवली आणि आवाज खाली आणला. "सर आता किती वर्षांचे?" "ब्याऐंशी." "मग ऐका माझं. पुस्तक येऊ द्या. त्यांना हार घालू द्या लोकांना. आपण पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, हळूच छापू. त्यांना कोण वाचून दाखवणार आहे? तुम्हीच ना? मग नका दाखवू वाचून." तिच्या डोळ्यांत लबाडी नव्हती. माया होती, आणि म्हणूनच ते ऐकायला जड गेलं.

त्या संध्याकाळी घरी तिने प्रुफांचा गठ्ठा मांडीवर घेतला आणि पेन्सिल काढली. एक वाट लेसरवालीने दाखवली होती. दुसरी तिची तिलाच सुचली, आणि सुचली याचीच तिला लाज वाटली: सरांना तर दिसत नाही. शनिवारी जसं आहे तसं वाचून दाखवायचं आणि छापायला मात्र बदललेलं पाठवायचं. 'अकरा महिने पाऊस नव्हता' याच्या जागी 'नसावा'. 'तहानी' तशीच ठेवायची, पण आजूबाजूला दोन-चार 'कदाचित' पेरायचे. खरंही राहील, सरही राहतील. तिने पहिल्या ओळीवर पेन्सिल टेकवली. सरांचं वाक्य होतं, सरळ, सुतासारखं: 'या जनावराने आयुष्याचं एक अख्खं वर्ष तहानेत काढलं, आणि तरी ते जगलं.' तिने 'तहानेत' या शब्दाभोवती एक गोल काढला. मग तो खोडला. खोडताना कागद जरा खरवडला. ज्या माणसाने तीस वर्षं तिच्या डोळ्यावर डोळे झाकून विश्वास टाकला, आता खरोखरच डोळे झाकले गेल्यावर त्याला फसवायचं! तिने गठ्ठा बांधून पिशवीत टाकला, आणि दिवा मालवण्यापूर्वी दोन पेले पाणी प्यायली. तहान लागली नव्हती तरी.

शनिवारी दार सरांच्या बहिणीने उघडलं. आक्का सरांहून चार वर्षांनी मोठी, कमरेत वाकलेली, पण जीभ सरळ. "ये बाई. सकाळपासून तीनदा विचारून झालं, सुतारपक्षी आली का म्हणून. चहा टाकते. आज शेवटचं ना गं ते? सुटले एकदाची. दुष्काळ ऐकून ऐकून माझ्याच घशाला कोरड पडते." आतून सर ओरडले, "आक्का, तुझ्या घशाला कोरड पडते ती बोलून बोलून!" "बघ," आक्का म्हणाली, "कान मेले शाबूत आहेत." खोलीत खिडकीपाशी सर बसले होते, पायांवर घोंगडी, चेहरा उजेडाकडे केलेला. "काय सुतारपक्षी, आज किती भोकं पाडलीस?" ती नेहमीसारखी हसली नाही. समोर बसली, गठ्ठा सोडला, नवा चष्मा लावला आणि वाचू लागली. ओढा, ऊन, मातीतून वर आलेलं दाढेचं टोक. सर ओठांतल्या ओठांत शब्द पुढे पुढे म्हणत होते; त्यांना पाठच होतं. तिचा आवाज एका पानापर्यंत टिकला. मग ते वाक्य आलं. 'या जनावराने आयुष्याचं एक अख्खं वर्ष' इथपर्यंत ती आली आणि थांबली. सर वाट पाहत होते. मग त्यांनीच पुढचा शब्द पुरवला, "तहानेत." "नाही सर," ती म्हणाली. "काय नाही? तहानेत लिहिलेलं नाही? छापखान्याने काय खाल्लं तिथे?" "लिहिलंय. पण तसं नव्हतं." आणि मग, एकदा नळ सुटावा तसं तिने सगळं सांगितलं, चकचकीत ठिपका, लेसरची रेघ, सगळं, फक्त लिफ्टमधली बाई सोडून, कारण ती कशी सांगावी हे तिला कळेना. "पहिली दाढ आहे, सर. तिसरी नाही. तो दुष्काळ नव्हता. ती तिच्या आईचं दूध पीत होती."

खिडकीबाहेर कुणी तरी सायकलला हवा भरत होतं, फस् फस्. सर म्हणाले, "घासण किती?" "तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी." "दुसऱ्या कुणी पाहिली?" "नव्या मुलीने पाहिली." "स्ट्रॉन्शियम कुठपर्यंत तळाला?" "टोकापासून बावीस मिलिमीटर." "आणि मग? पायरीसारखं चढतं की उतारासारखं?" "उतारासारखं, सर. हळूहळू." सरांनी हात घोंगडीवरून फिरवला, तो उतार हाताने चाचपून पाहावा तसा. "मी तुला विचारलं होतं," ते म्हणाले, आणि आता त्यांच्या आवाजात धार आली. "दोनदा विचारलं होतं. नक्की? म्हणून." "हो." "तू म्हणालीस नक्की." "हो सर." "तीस वर्षं! तीस वर्षं मी सभेत, वर्गात, त्या मूर्ख रेडिओवर तहानी तहानी म्हणत फिरलो, लोकांच्या डोळ्यांत पाणी आणलं. आणि पोर तिकडे पोटभर पीत होती!" ती खाली मान घालून बसली. हेच ऐकायला ती आली होती, ऐकलं पाहिजे होतं. "का म्हणालीस तिसरी?" सरांनी विचारलं. "तुझा हात चुकत नाही. डोळा चुकत नाही. त्या दिवशी का चुकलीस?" तिने ते कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. "माझी आई गेली होती, सर. बावीस दिवस झाले होते. मला त्या दिवशी आई हा शब्दच नको होता."

आक्का चहाचे कप घेऊन दारात आली होती ती तिथेच थांबली. सरांचा चेहरा उजेडाकडून तिच्याकडे वळला, जिथे ती असेल असं वाटलं तिकडे. जरा डावीकडेच वळला. "मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "कार्यालयातून कळलं होतं. म्हणूनच तर दोनदा विचारलं." मग थांबून, "तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं गं. पण मला तिसरीच हवी होती. तू तिसरी म्हणालीस आणि मला इतका आनंद झाला की तुझ्या तोंडाकडे मी पाहिलंच नाही. तेव्हा तर मला दिसत होतं." चष्म्याच्या काचेवर वाफ धरली, समोरची अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलली. आक्काने कप खाली ठेवले आणि तिच्या पाठीवर एक थाप मारली, जोरात, खोकला लागलेल्या मुलाला मारतात तशी. "रड की मोकळी. तीस वर्षांची थकबाकी आहे." आणि सरांना म्हणाली, "आणि तू रे धाकट्या, तुला काय झालं तोंड पाडायला? दुष्काळ नव्हता हे ऐकून तोंड पाडणारा जगात तू एकटाच असशील." सर हसले नाहीत, पण त्यांच्या गालाची एक शीर हलली.

चहा निवला. सर स्वतःशीच काही मोजत असल्यासारखे बोटं चाळवत होते. "पानं खोडू नकोस," ते म्हणाले. "आहे तसं राहू दे. लोकांना कळू दे आपण कुठे उभे होतो. त्याच्याखाली नवं जोडू. मी सांगतो, तू लिही. सोमवारी नाही गेलं तर मंगळवारी जाईल, छापखाना काही पळून जात नाही." "तुम्हाला सगळे नावं ठेवतील, सर." "ठेवू देत. मी अजून ऐकायला आहे, हे बरंच आहे. मेल्यावर ठेवली असती तर उत्तर कोण देणार होतं, तू?" तिने वहीचं कोरं पान उघडलं. सर सांगायला लागले नाहीत. त्यांच्या कपाळावर ती जुनी आठी चढली होती, जी ओढ्याकाठी चढायची, काही तरी दिसायच्या आधी. "उतारासारखं म्हणालीस ना? म्हणजे एकाएकी तुटलं नाही. आईला काही झालं नाही. आपणहून सुटलं, गवत खाता खाता. अकरा महिने." "हो सर." "अकरा महिने अंगावर पाजायचं म्हणजे घोडीला पाणी किती लागत असेल?" "खूपच. दीडपट, दुप्पट." "रोज?" "रोज." "मग ते लांब नसणार. पोर बरोबर असताना ती फार लांब जाणार नाही. जवळच असणार. आणि गवतही ओलं असणार, नाही तर एवढे दिवस पान्हा टिकत नाही." त्यांचा आवाज बदलत गेला. ज्या आवाजात ते तीस वर्षं कोरडं तळं सांगत आले होते, तोच आवाज आता चाचपडत, एकेक पाऊल टाकत, त्या तळ्याच्या काठाने चालला होता आणि प्रत्येक पावलाला ओल लागत होती. "मग ते साल," सर म्हणाले, आणि मध्येच थांबले.

"चांगलं गेलं असणार, सर," ती म्हणाली.

"चांगलं गेलं असणार." त्यांनी ते शब्द पुन्हा एकदा, अगदी हळू, लांबच्या गावाहून आलेलं खुशालीचं पत्र कुणी वाचून दाखवावं आणि ऐकणाऱ्याने त्यातलं एकच वाक्य धरून ठेवावं तसे म्हटले. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून, आक्का कप घेऊन तिकडे गेली होती म्हणून, मोठ्याने हाक मारली. "आक्का! ऐकलंस का? त्या साली पाऊस झाला होता!"

आतून कप धुतल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"झाला ना?" आक्का म्हणाली. "मग बरं झालं बाई."